उपवास कोणाच्या ताटात पोचतो?

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टर या येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की ख्रिस्ती घरांत, मिस्सेनंतर चर्चच्या आवारात, तरुणांच्या बैठकांत एकच प्रश्न फिरू लागतो: यंदा काय सोडणार? कोणी मटण-चिकन सोडतं, कोणी दारू, कोणी चहा, कोणी मोबाइलवरच्या रील्स. आणि मग वाद सुरू होतो. काही जण म्हणतात, मांस सोडून काय साधतं, आधी मन बदला. काही म्हणतात, आजी-आजोबांनी पाळलं ते आपण पाळायचं, उगाच फाटे फोडायचे नाहीत. अलीकडे तिसरा गटही निघाला आहे. त्याच्या हिशोबात चाळीस दिवस साखर बंद केली की वजन उतरतं, झोप सुधारते आणि वर धर्मही पाळला जातो. दरवर्षी हा वाद त्याच शब्दांत होतो आणि ईस्टरच्या जेवणावळीत विसरला जातो. मला वाटतं, तो चुकीच्या जागेवरून लढला जातो. तिन्ही गट एक गोष्ट न तपासता धरून चालतात, ती म्हणजे उपवासकाळ हा एकेका माणसाचा देवाशी चाललेला खाजगी व्यवहार आहे. पुनरुत्थानाच्या सणाआधीचे हे दिवस आकाराला आले ते एका अख्ख्या समाजाची तयारी म्हणून. नव्याने येणाऱ्याला आत घ्यायचं, बाहेर पडलेल्याला परत आणायचं आणि उपाशी माणसाला जेवू घालायचं, अशी ती तयारी होती. म्हणून माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. अन्नाचा, सर्वांना सारखा लागू असलेला, एकत्र पाळायचा उपवास आपण टिकवायला हवा. आणि त्यातून वाचलेलं दुसऱ्याच्या ताटात पोचलं नाही, तुटलेलं एखादं नातं जोडलं गेलं नाही, तर तो उपवास अपुरा मानायला हवा.

सुरुवात कुठून झाली ते पाहू. दुसऱ्या शतकात अथेन्सच्या अरिस्तीदेस नावाच्या तत्त्वज्ञाने रोमन सम्राटापुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. हे लोक काय मानतात आणि कसे वागतात, दोन्ही तो सांगतो. त्यातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. त्यांच्यात कोणी गरजू असेल आणि इतरांकडेही देण्याइतकं शिल्लक नसेल, तर ते दोन-तीन दिवस स्वतः उपाशी राहतात आणि त्याची गरज भागवतात. इथला क्रम नीट पाहा. आधी उपाशी माणूस डोळ्यांसमोर आला आणि त्याच्यामुळे उपवास घडला. त्याच शतकात रोममध्ये लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात तर चक्क हिशोब मांडून दिला आहे. उपवासाच्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घ्यावं, एरवी त्या दिवशीच्या जेवणाला जेवढा खर्च आला असता तो मोजावा आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. मोजावी, असं स्पष्ट सांगितलं आहे. मनातल्या मनात कळवळावं, असं म्हटलेलं नाही.

इ.स. 325 मध्ये नायसिया इथे भरलेली धर्मसभा आपल्याला ठाऊक असते ती श्रद्धासूत्रामुळे. 2025 मध्ये तिला 1700 वर्षं झाली, तेव्हा व्याख्यानं झाली, विशेषांक निघाले. पण त्या सभेने वीस नियमही केले होते आणि त्यातल्या पाचव्या नियमात ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांचा उल्लेख येतो. या काळाच्या अगदी आरंभीच्या उल्लेखांपैकी हा एक. तो कोणत्या संदर्भात यावा? बहिष्कृत माणसांच्या. एखाद्या बिशपने कोणाला मंडळीबाहेर काढलं असेल, तर ते खऱ्या अपराधासाठी की त्या बिशपच्या रागलोभापायी, क्षुल्लक भांडणापायी, याची तपासणी झाली पाहिजे. त्यासाठी प्रांतातल्या बिशपांनी वर्षातून दोनदा जमावं आणि पहिली बैठक या चाळीस दिवसांच्या आधी घ्यावी, म्हणजे सगळी कटुता दूर होऊन देवाला निर्मळ अर्पण वाहता येईल. हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थबकलो होतो. कोणी काय खावं, काय खाऊ नये, याचा त्यात शब्दही नाही. अन्यायाने दाराबाहेर राहिलेला माणूस परत आत यावा, हीच ईस्टरच्या सणाची पूर्वतयारी.

त्याच शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची एक स्त्री पश्चिमेकडून यात्रेला जेरुसलेमला गेली आणि तिथे पाहिलेलं तिने लिहून ठेवलं. ईस्टरला स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) घेऊ इच्छिणाऱ्यांची नावं काळाच्या आरंभी नोंदवली जात. बिशप त्यांच्या शेजाऱ्यांना बोलावून विचारत: हा नीट वागतो का? आईवडिलांना मान देतो का? दारुडा किंवा खोटारडा तर नाही ना? मग आठवड्यामागून आठवडे रोज सकाळी तीन तास बिशप त्यांना शिकवत असत आणि आधीच संस्कार घेतलेल्यांपैकी ज्यांना वाटेल तेही ऐकायला बसत. रोममधली रीत पोप इनोसंट पहिले यांच्या 416 सालच्या पत्रातून कळते. उघड पाप केलेले आणि प्रायश्चित्त घेणारे लोक ईस्टरआधीच्या गुरुवारी पुन्हा मंडळीत सामावून घेतले जात. म्हणजे एका टोकाला नवे येणारे, दुसऱ्या टोकाला परतणारे, आणि मधला सगळा समाज त्यांच्यासोबत उपाशी. आज आपण जो एकट्याचा निश्चय करतो, तो या चित्रात बसवायचा म्हटला तर कुठे बसवणार?

या भूमिकेवरचा सर्वात बळकट आक्षेप खुद्द येशूच्या शब्दांत आहे, आणि तोही राखेच्या बुधवारीच वाचला जातो. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की उपवास कराल तेव्हा ढोंग्यांसारखा उतरलेला चेहरा करू नका. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे तुमचा उपवास माणसांना न दिसता गुप्तवासी पित्याला दिसेल. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, हेही तिथलंच. मग सामुदायिक उपवासाचा आग्रह धरणं म्हणजे येशूने मोडलेलं पुन्हा उभारणं नाही का? सर्वांनी एकत्र पाळायचं म्हटलं की कोण पाळतो, कोण पाळत नाही याकडे लक्ष जाणार, चहाड्या होणार, आणि दिखाऊपणा वाढणार. हा धोका खरा आहे. आपल्या गावांत तो मी पाहिलाही आहे. अमक्याच्या घरून शुक्रवारी मटणाचा वास आला, यावर अर्धा आठवडा चर्चा चालते, आणि चर्चा करणाऱ्याला त्यात आपण काही वावगं करतो असं वाटत नाही.

पण त्याच अध्यायात, उपवासाविषयी बोलण्याच्या थोडं आधी, येशू जी प्रार्थना शिकवतो तिच्यात कोणालाही एकट्यापुरती भाकर मागता येत नाही आणि एकट्यापुरती क्षमाही मागता येत नाही. दुसऱ्याला क्षमा केल्याशिवाय ती प्रार्थना प्रामाणिकपणे म्हणताच येत नाही. येशूचा रोख प्रतिष्ठेसाठी केलेल्या उपवासावर आहे. आता विचार करा, प्रतिष्ठा कोणत्या उपवासात अधिक मिळते? जो सगळे पाळतात त्यात, की ज्याचा प्रकार प्रत्येकाने स्वतः निवडलेला असतो त्यात? गावातले सगळेच शुक्रवारी साधं जेवत असतील, तर त्यात मिरवण्यासारखं काय उरतं? उलट प्रत्येकाने आपापला निश्चय ठरवायचा म्हटलं की तो सांगावासा वाटतो, तुलना सुरू होते, कोणाचा त्याग अधिक कठीण याची चढाओढ लागते. सर्वांसारखं वागण्यात माणूस लपू शकतो. येशूला हवी असलेली गुप्तता समान नियमाच्या आडोशाला अधिक सहज मिळते. चहाडखोरांचं काय, असं कोणी विचारेल. त्यांच्यासाठी नियम मोडीत काढायचा तर समाजाने एकत्र करायची कोणतीच गोष्ट शिल्लक राहणार नाही.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे आणि तो मी पूर्ण गंभीरपणे घेतो. 1522 च्या उपवासकाळात झुरिकमध्ये क्रिस्टोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी काही लोकांनी सॉसेजचे तुकडे वाटून खाल्ले. धर्मसुधारक झ्विंगली तिथे हजर होते. त्यांनी स्वतः खाल्लं नाही, पण नंतर व्यासपीठावरून त्या लोकांची बाजू घेतली. ख्रिस्ती माणसाला अन्नाच्या बाबतीत मोकळीक आहे, देवाने न घातलेलं बंधन माणसांनी घालू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. खुद्द फ्रोशाउअरचं म्हणणं अधिक साधं होतं. फ्रँकफुर्टच्या जत्रेसाठी पुस्तकं तयार करायची म्हणून माणसं रात्रंदिवस राबत आहेत, नुसत्या लापशीवर ती तगणार कशी, आणि रोज मासळी विकत घेणं आपल्याला परवडत नाही. हे वाक्य वाचून कोणत्याही कष्टकऱ्याच्या घरचा माणूस मान डोलावेल. त्याच वेळी फ्रान्समध्ये रूआँच्या कॅथीड्रलला एक उंच मनोरा उभा राहिलेला होता, ज्याला आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात, कारण उपवासकाळात लोणी खाण्याची परवानगी मिळावी म्हणून लोकांनी दिलेल्या पैशांतून त्याचा खर्च भागवला गेला. ज्याच्याकडे पैसा त्याला सूट, आणि राबणाऱ्याला शिक्षा, अशी नियमाची गत झाली असेल तर त्याविरुद्ध उठणारे लोक चूक होते असं मी कसं म्हणू?

महाराष्ट्रातही या वादाचे दोन्ही वारस शेजारी शेजारी राहिले. अहमदनगरला 1831 मध्ये आलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे पूर्वज न्यू इंग्लंडचे प्युरिटन, म्हणजे कडवे प्रोटेस्टंट. त्यांनी लेंट, म्हणजे हा उपवासकाळ, कधी मानलाच नव्हता. पुढे त्याच जिल्ह्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं, मिशन आलं, त्याच्या दिनदर्शिकेत चाळीस दिवस होते. एकाच तालुक्यात, कधी एकाच भावकीत, एक घर उपवासकाळ पाळणारं आणि दुसरं न पाळणारं. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली तेव्हा हे दोन्ही प्रवाह एका छताखाली आले. ज्यांच्या आजोबांनी लेंटला माणसांनी केलेला नियम म्हटलं, त्यांची भीती निराधार नव्हती. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या 1517 च्या प्रबंधांतला पहिलाच मुद्दा असा की श्रद्धावंताचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. याला उत्तर काय द्यायचं?

उत्तर असं, की सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं हे तत्त्व खरं आहे आणि नेमकं म्हणूनच त्याला दिवस ठरवून द्यावे लागतात. जे रोज करायचं असं म्हणतात ते कोणत्याच दिवशी होत नाही, हे आईवडिलांची सेवा करणाऱ्यापासून रियाज करणाऱ्यापर्यंत सर्वांना माहीत आहे. झुरिकच्या मंडळींनी जुलमी नियम मोडला ते बरोबर. पण नियमातला जुलूम काढणं आणि नियमच काढणं यांत फरक आहे. फ्रोशाउअरच्या कामगारांना हवी होती ती कष्टाला साजेशी सूट. ती आजच्या कॅथलिक नियमात आहे. पोप सहावे पॉल यांनी 17 फेब्रुवारी 1966 रोजी नियम सैल केले, आणि आज उपवास बंधनकारक उरला आहे तो दोनच दिवस, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, तोही 18 ते 59 वयाच्या धडधाकट माणसांना. शुक्रवारी मांस न खाण्याचा नियम 14 वर्षांपासून पुढे लागू होतो, आणि त्याऐवजी प्रार्थना किंवा सत्कर्म ठरवण्याची मुभा देशोदेशीच्या बिशप परिषदांना आहे. मधुमेही, आजारी, गरोदर, अंगमेहनतीचे काम करणारे, कोणावरही सक्ती नाही. आता तक्रार जाचाची राहिलेलीच नाही. हेतू असा होता की मोठी झालेली माणसं बंधनाविना अधिक करतील. साठ वर्षांनी प्रामाणिकपणे विचारावं: आपण अधिक केलं का? माझ्या पाहण्यात बहुतेक घरांत नियम गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही.

आणि जिथे नियम उरला तिथे त्याचा हेतू हरवला. आमच्या वसईचंच उदाहरण घ्या. समुद्र हाकेच्या अंतरावर. शुक्रवारी चिकन नाही म्हणून घरात पापलेट येतं, सुरमई येते, कोळंबीचं कालवण होतं. नियमाच्या अक्षराप्रमाणे यात काही चूक नाही, कारण मासळीला मनाई नाहीच. पण पापलेटचा आजचा भाव विचारा आणि कोंबडीचा विचारा. त्या दिवशी घरातला खर्च वाढतो, बाईचं काम वाढतं, आणि तरी उपवास पाळल्याचं समाधान मिळतं. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण मराठी ख्रिस्ती माणसाने शेजारच्या धर्माकडे बोट दाखवायला वापरू नये; ती आपल्या ताटालाही लागू पडते. ज्यांना परंपरा जपायची आहे त्यांना माझं एवढंच विचारणं आहे, कोणती परंपरा? भाकर-पाण्याचा खर्च वजा करून उरलेली रक्कम विधवेला देणारी, की मटणाच्या जागी पापलेट ठेवणारी? पहिली अधिक जुनी आहे.

आता ‘मन बदला’ म्हणणाऱ्यांकडे वळतो, कारण शिकलेल्या तरुणांत हीच बाजू प्रबळ आहे. त्यांच्या हातात बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाचा 58वा अध्याय असतो. त्यात लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपास केला तरी तू पाहत नाहीस. देव उत्तरतो की उपासाच्या दिवशीही तुम्ही आपलाच मतलब साधता, आपल्या मजुरांना पिळता, भांडता, ठोसे मारता. मला आवडणारा उपास म्हणजे अन्यायाच्या बेड्या सोडणं, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं, बेघराला घरात घेणं. यावरून निष्कर्ष काढला जातो की पोटाचा उपवास सोडा आणि सत्कृत्यं करा. पण संदेष्ट्याचा राग कोणावर आहे? उपास करून मजुराला पिळणाऱ्यावर. उपास रद्द करून तो मजूर सुटणार आहे का? भाकर वाटून द्यायची तर ती आधी आपल्या ताटातून उचलावी लागते. मन बदलायचं असं नुसतं म्हणणाऱ्यांचं मन कशाने बदलतं, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. पोट रिकामं राहिलं की निदान भुकेची ओळख तरी होते. ती ओळख तुटलेल्या माणसाला गरिबाविषयी मत असतं, सहानुभूती असते, पण त्याचं शरीर त्यात सामील नसतं.

रोमन साम्राज्यातल्या अंत्युखिया शहरात 387 सालच्या उपवासकाळात जे घडलं ते याचं सर्वात जिवंत उदाहरण आहे. नव्या कराच्या घोषणेने शहर पेटलं. जमावाने सम्राट थिओडोसियस आणि त्याच्या कुटुंबाचे पुतळे पाडून रस्त्यांतून फरफटत नेले. राग ओसरल्यावर भीती आली, कारण हा राजद्रोह होता आणि शिक्षा म्हणून अख्खं शहर उद्ध्वस्त होऊ शकलं असतं. धरपकड झाली, लोक पळू लागले, बाजार ओस पडले. म्हातारे बिशप फ्लेव्हियन सम्राटापुढे दयेची याचना करायला कॉन्स्टँटिनोपलकडे निघाले, आणि मागे राहिलेल्या घाबरलेल्या लोकांना धीर द्यायचं काम योहान ख्रिसोस्तोम या तरुण धर्मगुरूवर पडलं. त्याची त्या दिवसांतली प्रवचनं उपलब्ध आहेत. त्यात तो विचारतो: पक्षी आणि मासे खायचं सोडलं, पण आपल्याच भावांना चावून खात असाल तर काय उपयोग? डोळ्यांनी, कानांनी, हातांनी, पायांनीही उपवास करा. उपवास करतोस तर कृतीतून दाखव. गरीब दिसला तर दया कर, वैरी दिसला तर समेट कर. हे शब्द आज ‘मन बदला’ गट आपल्या बाजूने वापरतो. पण ते ऐकणारे लोक पोटाने उपाशी होते आणि बोलणाराही उपाशी होता. त्याने उपवास रद्द केला नाही, त्यात आणखी भर घातली. सम्राटाकडे क्षमा मागायला निघालेल्या शहराने आधी आपापसांत क्षमा करावी, हा त्याचा तर्क होता. माफी मिळाली आणि ईस्टर साजरा करायला फ्लेव्हियन परत पोचले. स्वतःसाठी दया मागणारा समाज दुसऱ्यावर दया करतो का, ही त्या चाळीस दिवसांची कसोटी होती.

तिसऱ्या गटाविषयी थोडक्यात. मोबाइल बाजूला ठेवणं चांगलं आहे, साखर कमी करणं चांगलं आहे, ज्याला जमेल त्याने वर्षभर करावं. पण ज्या त्यागाचा सगळा फायदा मलाच होतो त्याला त्याग म्हणताना जरा थांबायला हवं. वाचलेला वेळ आजारी शेजाऱ्याकडे गेला, वाचलेला पैसा कोणाच्या शाळेच्या फीमध्ये गेला, तर माझी काही तक्रार नाही.

म्हणून मला वाटतं, धर्मग्रामाने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या सगळ्या कुटुंबांनी, एकत्र ठरवावं. राखेच्या बुधवारपासून गुड फ्रायडेपर्यंत सात शुक्रवार येतात. त्या दिवशी घरोघरी एकच साधं जेवण, पेज किंवा डाळभात, मांसही नाही आणि महागडी मासळीही नाही. एका घराचे दोनशे रुपये वाचतात असं धरा. हजार कुटुंबांच्या धर्मग्रामात सात शुक्रवारांचे चौदा लाख होतात. हे स्वप्नरंजन नाही. 1958 मध्ये जर्मनीच्या कॅथलिक बिशपांनी मिसेरिओर ही संस्था अशाच विचारातून उभी केली. युद्धात बेचिराख झालेल्या आणि काही वर्षांपूर्वी स्वतः परक्यांच्या मदतीवर जगलेल्या देशाने उपवासकाळात वाचवलेले पैसे जगातल्या भुकेल्यांसाठी पाठवायला सुरुवात केली, आणि ते काम आजही चालू आहे. आपल्याकडे कारितास इंडिया ही कॅथलिक मदतसंस्था दर उपवासकाळात भूक आणि रोगांविरुद्ध मोहीम चालवते. दानाची पाकिटं वाटली जातात. पण ती पाकिटं आणि आपला उपवास यांचा एकमेकांशी संबंध आहे हे किती घरांना माहीत असतं? बहुतेक जण पाकिटात शेवटच्या रविवारी एक नोट सरकवतात, आणि तिचा शुक्रवारच्या ताटाशी काही संबंध नसतो. तो संबंध जोडायला नवा नियम लागत नाही. व्यासपीठावरून स्पष्ट सांगावं लागतं आणि जमलेली रक्कम कुठे गेली ते ईस्टरनंतर लोकांना दाखवावं लागतं.

पैसा हा त्यातला सोपा भाग. कठीण भाग समेटाचा. वसईत जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून भावाभावांचे दावे कोर्टात पडून आहेत. एकाच आईची मुलं क्रुसाच्या वाटेच्या मिरवणुकीत पुढेमागे चालतात आणि एकमेकांकडे बघत नाहीत. गोव्यात काही गावांतल्या कन्फ्रारियांचं, म्हणजे चर्चच्या बंधुमंडळांचं, सदस्यत्व पिढ्यान्‌पिढ्या जातीवर ठरत आलं. 2016 मध्ये भारताच्या कॅथलिक बिशप परिषदेने दलित सबलीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि त्यात ख्रिस्तसभेतल्या जातिभेदाची कबुली दिली. ज्या समाजात हे आहे, त्याने चाळीस दिवस चॉकलेट सोडायचं की चहा, यावर वाद घालावा? केरळच्या सुरियानी ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत पन्नास दिवसांच्या मोठ्या उपवासाचा पहिला सोमवार समेटाच्या विधीसाठी असतो. लोक एकमेकांपुढे वाकून क्षमा मागतात आणि मगच पुढचे दिवस सुरू होतात. आपल्याकडे उपवासकाळाच्या अखेरीस प्रायश्चित्त संस्काराच्या रांगा लागतात. प्रत्येक जण एकटा आत जातो, एकटा बाहेर येतो. ज्याच्याविरुद्ध पाप केलं तो माणूस दोन बाक मागे बसलेला असतो आणि त्याला काहीच कळत नाही.

इथे एक आक्षेप येणार आणि तो अगदीच हलका नाही. धर्मगुरूंनी किंवा धर्मग्राम समितीने लोकांच्या भांडणांत पडायचं का? जमिनीचे दावे, घटस्फोट, जातीचे प्रश्न यांत शिरलं की बाजू घेतल्याचा आरोप होईल, अधिकाराचा गैरवापरही होऊ शकेल. म्हणून तर नायसियाच्या नियमात बिशपच्याच निर्णयाची तपासणी आहे. तिथे संशय सर्वात आधी अधिकाऱ्यावर घेतला आहे: तुझ्या रागापायी कोणी बाहेर गेलं का? आजही सुरुवात तिथूनच व्हावी. कोणता कार्यकर्ता समितीतल्या अपमानामुळे चर्चला यायचा बंद झाला, कोणत्या घराला लग्नाच्या किंवा दफनाच्या वेळी दुखावलं गेलं, कोणत्या कुटुंबाला जातीमुळे मागे बसवलं गेलं, याची यादी प्रत्येक धर्मग्रामात जुन्या माणसांना तोंडपाठ असते. त्या यादीवर काम करायला कोणाच्या खाजगी आयुष्यात शिरावं लागत नाही. स्वतःची चूक कबूल करून जावं लागतं.

पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पाय धुण्यासाठी बारा माणसं निवडली जातात. बहुतेक ठिकाणी ती मान्यवर असतात, समितीतली, देणगीदार, वर्षानुवर्षांची ओळखीची. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस रोमच्या कासाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या बारा तरुणांचे पाय त्यांनी धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. 2016 पासून स्त्रियांना या विधीत घेण्याची अधिकृत मुभा सर्वत्र आहे. मग आपण बारा जण निवडताना वर सांगितलेल्या यादीकडे का बघू नये? जो येणं बंद झाला तो, ज्याच्या भावाने त्याला कोर्टात खेचलं तो, जिचा घटस्फोट झाल्यावर लोक कुजबुजले ती, ज्यांच्या घराला कन्फ्रारियाची पायरी चढायची सोय नव्हती ते. पहिल्यांदा विचारलं की बहुतेक नाही म्हणतील, आणि त्यांनी नाही म्हणणं रास्त आहे. वर्षानुवर्षं ज्यांनी विचारलं नाही ते एका संध्याकाळी पाय धुवायला बोलावतात, यावर कोण विश्वास ठेवील? म्हणून आमंत्रण पवित्र आठवड्यात देऊन चालणार नाही. राखेच्या बुधवारनंतर लगेच त्यांच्या दारात जावं लागेल, नकार ऐकून परत यावं लागेल आणि पुढच्या शुक्रवारी, त्याच साध्या जेवणाच्या दिवशी, पुन्हा जावं लागेल.